पूर्वेतिहास माहीत नसलेला ससा घरी आला: काय लगेच करायचं, कशाला थांबायचं

दत्तक घेतलेल्या सशाबरोबर बहुतेक वेळा चार वाक्यं येतात: 'वर्षभराचा असेल', 'मादी आहे', 'काहीही खातो', 'खूप शांत आहे'. यांतलं एकही वाक्य तपासल्याशिवाय खरं मानू नका. सशाचं लिंग ओळखताना अनुभवी माणसंही चुकतात. काहीही खाणाऱ्या सशाला गवत कधी मिळालंच नसेल, अशीही शक्यता असते. आणि कोपऱ्यात डोळे विस्फारून न हलता बसलेला ससा शांत नसतो, तो घाबरून थिजलेला असतो.

त्यातच सल्ले येऊ लागतात आणि ते एकमेकांच्या विरोधात असतात. एक जण म्हणतो, पहिल्या दिवसापासून उचलून घ्या. दुसरा म्हणतो, महिनाभर हातच लावू नका. म्हणून नेहमी वाद होतात ते पर्याय इथे समोरासमोर ठेवले आहेत. माझं मत आधीच सांगते. इतिहास माहीत नसेल तेव्हा आजारपणाची खूण दिसताच डॉक्टरांकडे नेणं आणि दुसऱ्या सशापासून वेगळं ठेवणं, या दोन बाबतींत एक दिवसही थांबू नये. बाकी जवळजवळ सगळं थांबू शकतं, आणि थांबलेलंच बरं.

आधी डॉक्टर की आधी विश्रांती

विश्रांतीच्या बाजूने मुद्दा खरा आहे. प्रवास, नवा वास, नवे आवाज यांच्या ताणाने सशाचं आतडं मंदावू शकतं, आणि लगेच दुसरा प्रवास घडवला तर त्यात भरच पडते. डॉक्टरांच्या बाजूने मुद्दा असा, की ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. तो दुखणं लपवतो. तुम्हाला दिसेपर्यंत ते बरंच पुढे गेलेलं असतं.

निर्णय सशाच्या खाण्यावर आणि लेंड्यांवर सोडा. तो खातोय, लेंड्या गोल, कोरड्या आणि भरपूर आहेत, तर दोन-तीन दिवस स्थिरावू द्या आणि पहिल्या आठवड्यातच तपासणी करून घ्या. पण दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या किंवा पातळ जुलाब झाले, मान एका बाजूला कलली, नाक वाहतंय, तोंड उघडून श्वास चाललाय, किंवा मागचा भाग ओला-घाण असून माश्या बसतायत, तर त्याच दिवशी न्या. उद्यापर्यंत वाट बघू नका. सशाला उलटी होत नाही. आतडं थांबलं की पोटात वायू कोंडतो, दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही, आणि हे चक्र काही तासांत जिवावर बेतू शकतं.

जवळचा कोणताही पशुवैद्य की सशांची सवय असलेला लांबचा, असा प्रश्न असेल तर मी लांबचा निवडेन. कुत्र्या-मांजरांना चालणारी काही औषधं सशाला मारू शकतात. पोटातून दिलेलं अमॉक्सिसिलिन आतड्यातले उपयोगी जिवाणू नष्ट करतं, आणि पिसवांसाठीचे फिप्रोनिलचे थेंब सशावर वापरायचेच नसतात. तपासणीत लिंग, वजन, कान, त्वचा आणि पोट बघायला सांगा. दात म्हणजे फक्त पुढचे नव्हेत, दाढाही उपकरण घालून बघायला हव्यात, कारण सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि दाढांना आलेली टोकं बाहेरून दिसत नाहीत. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप, आहे का तेही तपासून घ्या. सापडलेला ससा टाकून दिलेलाच असेल असं नाही, कुणाचा तरी हरवलेलाही असू शकतो.

जिथे मिक्सोमॅटोसिस आणि सशांचा रक्तस्रावी रोग या विषाणूजन्य रोगांची लस मिळते, तिथे 'आधी दिली असेल' असं धरून चालू नका. कागद नाही तर लस झालेली नाही, असंच माना. या रक्तस्रावी रोगाचा दुसरा प्रकार 2010 मध्ये फ्रान्समध्ये आढळला आणि नंतर जगभर पसरला. जुन्या प्रकाराच्या लशीवर त्याच्यासाठी विसंबून राहता येत नाही, म्हणून कोणती लस द्यायची तेही विचारा.

पिंजरा, कुंपण की अख्खी खोली

पिंजऱ्याच्या बाजूने एकच गोष्ट आहे: ससा डोळ्यांसमोर राहतो आणि लेंड्या मोजता येतात. बाकी सगळं त्याच्या विरोधात जातं. जागा अपुरी पडते. तळ जाळीचा असेल तर पाय सोलवटतात, कारण सशाच्या पंजाखाली कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. शिवाय पिंजऱ्यात हात घातला की सशाला पळायला वाट उरत नाही. मग चावरा म्हणून त्याचं नाव खराब होतं.

मोकळी खोली ऐकायला प्रेमळ वाटते, पण नव्या सशासाठी ती फार मोठी असते. तो पलंगाखाली शिरतो, वायर कुरतडतो, आणि तो खातोय की नाही हेच तुम्हाला कळत नाही.

म्हणून पहिले काही आठवडे खोलीच्या शांत कोपऱ्यात सुटं कुंपण. साधारण 90 सेंटिमीटर उंच घ्या, बुटकं असेल तर तो उडी मारून बाहेर येईल. आत घसरणार नाही अशी चटई आणि दोन दारांचं लपायचं खोकं ठेवा. एकच दार असलं तर आत अडकण्याची भीती वाटते आणि तो ती जागा वापरत नाही. तो सावरला की कुंपण उघडून खोली थोडी थोडी द्या. पुढे कायमची किती जागा लागेल याचा अंदाज म्हणून सांगते: ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था सशांच्या जोडीसाठी 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच अशी सलग जागा किमान मानते. बाजारात 'सशाचा पिंजरा' म्हणून जे विकलं जातं, ते याच्या जवळपासही नसतं.

कुंपण कुठे ठेवायचं हे ठरवताना उष्णतेचा विचार आधी करा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. थंडी तो बऱ्यापैकी सोसतो, उकाडा नाही.

लघवी-लेंड्यांच्या सवयीसाठी शिक्षा करून काही उपयोग नाही. तो स्वतः जो कोपरा निवडतो तिथेच ट्रे ठेवा आणि ट्रेच्या एका टोकाला गवत घाला, कारण सशाला खाता खाताच लेंड्या टाकायची सवय असते. मांजराच्या ट्रेमध्ये घालतात ती गोळे होणारी माती (लिटर) आणि पाइन-सिडारचा भुसा टाळा.

जुनंच खाणं की लगेच योग्य खाणं

चांगल्या हेतूने सर्वात जास्त नुकसान इथे होतं. सशाचा योग्य आहार कोणता यावर फारसा वाद नाही: चार-पंचमांशाहून जास्त वाळलेलं गवत, थोडी पालेभाजी, आणि मोजून पेलेट म्हणजे सशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, प्रौढ सशाला दिवसाला त्याच्या वजनाच्या किलोमागे साधारण 25 ग्रॅम. वाद आहे तो तिथे कसं पोचायचं याचा.

एक मार्ग म्हणजे पहिल्याच दिवशी पेलेट बंद, समोर फक्त गवत, 'भूक लागली की खाईल'. कुत्र्याच्या बाबतीत कदाचित निभावेल. सशाच्या बाबतीत हा जुगार आहे. उपाशी राहिला तर आतडं थांबतं, आणि ससा लठ्ठ असेल तर उपासाने यकृतात चरबी साठून तो दगावू शकतो. दुसरा मार्ग सावकाश. पूर्वीच्या माणसाकडून त्याचेच पेलेट मागून घ्या, बिस्किटं-ब्रेड मात्र लगेच थांबवा, आणि दोन-तीन आठवड्यांत जुने पेलेट कमी करत नवे मिसळत जा. मी नेहमी हाच मार्ग सुचवेन.

गवताला मात्र हा सावकाशपणा लागू नाही. टिमथी, ऑर्चर्ड किंवा मेडो, जे मिळेल ते, पहिल्या तासापासून, त्याच्या अंगाएवढा ढीग. लसूणघास म्हणजे अल्फाल्फा वाढत्या पिल्लांना ठीक, प्रौढ सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. वय नक्की नसेल तर वजन आणि दात बघून डॉक्टर काय म्हणतात त्यावर ठरवा. गवत तोंडात घेऊन सोडून देत असेल तर त्याला हट्टी म्हणू नका, दाढा तपासा.

पालेभाज्या आतड्याला नव्या असतील असं गृहीत धरा. एका वेळी एकच भाजी, दोन-चार पानं, आणि दुसऱ्या दिवसाच्या लेंड्या बघूनच पुढची. द्राक्षाच्या घडासारख्या, मऊ, चकचकीत लेंड्या दिसल्या तर तो जुलाब नव्हे. ससा त्या थेट गुदाजवळूनच परत खातो आणि त्याला त्या लागतात. त्या रोज जमिनीवर पडून राहत असतील तर पेलेट जास्त होतायत, किंवा लठ्ठपणामुळे वा दुखण्यामुळे त्याचं तोंड तिथवर पोचत नाही. लघवी लालसर दिसली तरी आधी घाबरू नका, अन्नातल्या रंगद्रव्यांनीही ती तशी होते. लघवीला जोर करावा लागत असेल तर मात्र डॉक्टर.

पाण्यासाठी वाडगा चांगला, बहुतेक ससे त्यातून जास्त पितात. पण त्याला बाटलीची सवय असू शकते, म्हणून पहिले दिवस दोन्ही ठेवा.

उचलून सवय लावायची की लांब बसायचं

लांब बसायचं. इथे मला दुसऱ्या बाजूत फारसं तथ्य दिसत नाही. सशाची हाडं हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू जबरदस्त असतात, त्यामुळे हातात धडपडताना कणा मोडल्याच्या घटना खरोखर घडतात. उताणं केलं की 'झोपतो' असं म्हणतात, ती झोप नसते. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर येणारा तो ताठरपणा असतो.

रोज ठरावीक वेळी कुंपणात जमिनीवर बसा, हात स्वतःजवळ ठेवा, त्याच्याकडे टक लावून बघू नका. तो येऊन हुंगेल, कधीतरी हनुवटी घासून तुमच्यावर आपला वास लावेल. मग कपाळावरून हात फिरवा, हनुवटीखालून नाही. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त जागे असतात, तेव्हा बसलात तर ओळख लवकर होते. पोट आणि मागचा भाग रोज बघायलाच हवा, पण त्यासाठी उचलायची गरज नाही. पालेभाजीचं पान उंच धरा, तो मागच्या पायांवर उभा राहील आणि तेवढ्यात बघून होईल.

जोडीदार लगेच की नंतर

ससा एकटा राहणारा प्राणी नाही, त्यामुळे जोडीची घाई करणाऱ्यांची कळकळ मला समजते. तरीही पूर्वेतिहास माहीत नसलेल्या सशाला घरच्या सशापासून किमान दोन आठवडे, जमलं तर महिनाभर, वेगळ्या खोलीत ठेवा. आधी घरच्याचं करा, मग नव्याचं, आणि मध्ये हात धुवा. खरजेचे किडे, सर्दी, आणि लघवीतून पसरणारा, मान कलंडवणारा एन्सेफॅलिटोझून कुनिक्युली हा परजीवी, यांतलं काय बरोबर आलंय ते पहिल्या दिवशी दिसत नाही.

दुसरं कारण पिल्लांचं. सशाची गर्भावस्था साधारण 31 दिवसांची असते, आणि मादी साडेतीन-चार महिन्यांचीही गाभण राहू शकते. म्हणून मादी असेल, किंवा लिंगाची खात्री नसेल, तर पहिला महिना ती गाभण आहे असं समजूनच वागा. तोंडात गवत गोळा करत असेल, छातीचे केस उपटत असेल तर घरट्यासाठी खोकं द्या. खोट्या गर्भावस्थेतही ती हेच करते, पण खोकं दिल्याने काही बिघडत नाही. पिल्लं झालीच तर आई जवळ बसत नाही म्हणून टाकली असं समजू नका. ती दिवसातून एक-दोनदाच पाजते. पिल्लांची पोटं भरलेली आणि अंग उबदार आहे का, एवढंच रोज बघा.

जोडी जमवायची ती दोघांची नसबंदी झाल्यावर, दोघांनाही अनोळखी असलेल्या जागेत. नराला लगेच मादीजवळ सोडू नका, शस्त्रक्रियेनंतरही सहा आठवड्यांपर्यंत त्याच्यापासून गर्भ राहू शकतो.

नसबंदी आत्ता की थांबून

नवा ससा नीट खातोय, वजन टिकून आहे आणि तो महिनाभर स्थिरावला आहे, एवढं झालं की करा. मादीच्या बाबतीत मी आग्रहच धरेन. नसबंदी न झालेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण बरंच मोठं आहे. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवत नाहीत. तसं सांगणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधा.

मादीची नसबंदी आधीच झाली असेल का, हा प्रश्न इथेच येतो. डॉक्टर पोटाचे केस काढून व्रण शोधतात, पण जुना व्रण कधी कधी दिसतच नाही. मग सोनोग्राफी करून बघता येतं. पोट उघडायचं ठरवण्याआधी ती करता येईल का, हे नक्की विचारा.