ओढ्याचा रस्ता झाला त्याची गोष्ट: आमच्या महापालिकेचा विकास आराखडा, अडीच तारे

पाचपैकी अडीच तारे देतोय. त्यातला दीड तारा खिडकी क्रमांक तीनवरच्या बाईंचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

वीस वर्षांतून एकदा मिळणाऱ्या सेवेचं परीक्षण लिहिण्यात तसा फारसा अर्थ नाही. पुढच्या वेळी मी असेन-नसेन. पण तुमच्या गावात कधी ना कधी प्रारूप विकास आराखडा, म्हणजे पुढच्या वीस वर्षांत कुठल्या जमिनीवर काय व्हायचं याचा मसुदा, लागणारच आहे, तेव्हा कामाला येईल म्हणून लिहितो. मी एकतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. आधी साखळी आणि प्लेन टेबल, शेवटची काही वर्षं ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मोजणीचं मशीन. म्हणजे नकाशा बघून बिचकणाऱ्यातला मी नाही. तरी या नकाशाने मला तीनदा चष्मा पुसायला लावला.

सुरुवात पेपरातल्या नोटिशीने झाली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966, कलम 26, प्रारूप विकास योजना प्रसिद्ध, हरकती व सूचना तीस दिवसांत. टेंडरच्या जाहिरातींच्या मधोमध, मुंगीएवढ्या अक्षरात. आमच्या सोसायटीतल्या कोणाच्याही नजरेला पडली नाही. मला अशा नोटिशी वाचायची जुनी खोड आहे म्हणून दिसली. हिने विचारलंच, "निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, अजून काय शोधता?"

नकाशे सभागृहाच्या भिंतीवर लावले होते. ती व्यवस्था चांगली होती, त्याचा अर्धा तारा. उजेड भरपूर, छपाई स्वच्छ, रंग एकमेकांत मिसळलेले नाहीत. पिवळा निवासी, निळा वाणिज्य, जांभळा उद्योग, हिरवा शेती किंवा मोकळी जागा. प्रत्येक आरक्षणाला, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेला, क्रमांक, आणि बाजूच्या तक्त्यात ते कशासाठी आणि कोणी संपादन करायचं, म्हणजे समुचित प्राधिकरण कोण. गर्दी मात्र सगळी एकाच प्रकारची. माणूस येतो, आपला गट नंबर शोधतो, अंगावर रंग पडला नाही ना बघतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि जातो. आराखड्याबरोबर जाडजूड अहवाल असतो, तो टेबलावर तसाच पडून होता. मी तो चाळला. पुढच्या वीस वर्षांची लोकसंख्या तीन पद्धतींनी काढलीय आणि मग सरासरी घेतलीय. हिशेब नीट आहे. पण पाया 2011 च्या जनगणनेचा, कारण 2021 ची झालीच नाही. आमच्या भागात 2011 साली ज्वारी होती, आता सात मजली इमारती आहेत. ज्वारीच्या आकड्यावरून शाळा किती लागतील ते काढलंय.

आता मुद्द्याचं. आमच्या सोसायटीच्या मागे ओढा आहे. गाव नकाशात दुहेरी रेघेने दाखवलेला, नाव असलेला ओढा. प्रारूप आराखड्यात तिथे बारा मीटर रुंदीचा रस्ता. ओढ्याचा मागमूस नाही.

मला आधी वाटलं, शीट बदललं असेल. म्हणून गाव नकाशाची प्रत आणली, ट्रेसिंग पेपरवर ओढा उतरवला आणि आराखड्याच्या मोजपट्टीला आणून भिंतीवरच्या शीटवर धरला. वळणाला वळण. जिथे ओढा चिंचेपाशी डावीकडे वळतो तिथे रस्ताही डावीकडे वळतो. शहाणा अभियंता असा रस्ता आखत नाही, तो सरळ नेतो. हा रस्ता पाण्याने आखलेला होता.

मग एक साधा हिशेब केला. शीट 1:10,000 मापाचं. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर दहा मीटर. रस्त्याच्या कडेची रेघ अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे पाच मीटर. आमच्या इमारतीचं मागचं सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यामधली मोकळी जागा, तीन मीटर. रेघेच्या जाडीतच आमचं कुंपण, पाण्याची टाकी आणि पार्किंगचा पत्रा संपला. "साहेब, ही रेघ आतून मोजायची की बाहेरून?" असं मी तिथल्या कनिष्ठ अभियंत्याला विचारलं. तो पोरगा चांगला होता, पण त्याला प्रश्नच कळला नाही. हद्द कायम करताना आम्ही वीतभर चुकलो तर दोन भाऊ कोर्टात उभे राहायचे.

खरी गोम कुठे आहे ते मला पाचव्या दिवशी कळलं, आणि हे परीक्षण मुख्यतः त्यासाठी लिहितोय. आराखड्याचे नकाशे दोन असतात. भिंतीवर लागतो तो प्रस्तावित भूवापराचा. त्याच्या आधी एक विद्यमान भूवापराचा नकाशा तयार होतो: आज कुठे घर आहे, कुठे कारखाना, कुठे शेत, कुठे पाणी. नियोजन करणारा त्या नकाशावर बसून पुढची वीस वर्षं रंगवतो. तो भिंतीवर नव्हता. खिडकी तीनवर गेलो. बाई म्हणाल्या, "काका, तो कोणी मागतच नाही." तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतः रेकॉर्डमधून गुंडाळी शोधून आणली, धूळ झटकली आणि टेबल मोकळं करून दिलं. दीड तारा उगाच नाही दिलेला.

त्या नकाशात आमचा ओढा "विद्यमान रस्ता" होता. कसं झालं असेल ते मी डोळे मिटून सांगतो. काम एजन्सीला. उपग्रहाचं चित्र एप्रिल-मेचं. उन्हाळ्यात ओढा कोरडा, पलीकडच्या वस्तीतली पोरं त्यातून मोटरसायकली घालतात, चाकोऱ्या पडलेल्या. वरून बघणाऱ्याला कच्चा रस्ता दिसला. जागेवर कोणी आलं नाही, आलं असेल तर मेमध्येच आलं. कार्यालयात बसलेल्या नियोजनकाराने बघितलं, कच्चा रस्ता आहे, लोक वापरतात, वीस वर्षांत रहदारी वाढेल, करूया बारा मीटर. त्याच्या बाजूने तो बरोबरच आहे. त्याला दिलेल्या कागदावर ओढा नव्हता.

हे फक्त आमच्याकडे झालं असं नाही. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या आराखड्याच्या वेळी विद्यमान भूवापराचे नकाशे आधी लोकांपुढे ठेवले होते आणि लोकांनी त्यात चुकाच चुका काढून दिल्या होत्या. तरी फेब्रुवारी 2015 मध्ये जो मसुदा आला त्यावर इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो बाजूला ठेवून दुरुस्त करायला सांगितलं. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला, आणि आराखडा लागू झाला सप्टेंबर 2018 मध्ये. मुंबईत निदान नकाशे आधी दाखवले. आमच्याकडे गुंडाळी रेकॉर्डमध्ये.

वेळेबद्दल बोलायचं तर पुण्याचं उदाहरण पुरे. जुन्या हद्दीचा 2007 ते 2027 चा आराखडा सरकारने मंजूर केला जानेवारी 2017 मध्ये. वीस वर्षांच्या औषधाची बाटली दहा वर्षांनी उघडली.

हरकत दाखल करणं सोपं गेलं, तक्रार नाही. अर्जाचा नमुना नव्हता तो बाईंनी सांगितला. एका अर्जात एकच मुद्दा लिहा, शीट क्रमांक आणि गट नंबर वर ठळक लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी गाव नकाशाची प्रत जोडली, ट्रेसिंग जोडलं आणि मागच्या ऑगस्टचा एक फोटो जोडला, ज्यात आमच्या वॉचमनची खुर्ची त्या "विद्यमान रस्त्यावरून" वाहत चाललीय. सोसायटीतल्या चाळीसपैकी अकरा जणांनी सह्या केल्या. बाकीच्यांचं म्हणणं, मागे रस्ता झाला तर फ्लॅटचा भाव वाढेल. पावसाळ्यात तळमजल्यावर राहणारे सगळे त्या अकरात होते.

सुनावणीला शून्य तारे. कायद्याने नियोजन समिती असते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचनेतले किंवा पर्यावरणातले बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार. कल्पना उत्तम. आमची वेळ सकाळी अकराची, बोलावलं पावणेचारला. बाहेर बाकडी कमी, माणसं जास्त. माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या वडिलांच्या जमिनीवर मागच्या आराखड्यात प्राथमिक शाळेचं आरक्षण पडलं होतं. ना महापालिकेने जमीन घेतली, ना यांना बांधता आलं, ना कोणी विकत घेतली. वडील गेले. मी त्यांना कलम 127 बद्दल विचारलं. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालकाला नोटीस देता येते. त्यानंतर पूर्वी बारा महिने होते, आता चोवीस. तेवढ्यात संपादन झालं नाही आणि त्याची पावलंही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. ते म्हणाले, "दिली ना नोटीस. चोवीस महिने संपत आले, तेवढ्यात हा नवा आराखडा आला. आणि माझ्या जमिनीवर आता क्रीडांगण."

मी स्वतः मोकळ्या जागांच्या बाजूचा माणूस. आरक्षणं उठली की शहराचा श्वास कोंडतो, हे शंभर ठिकाणी बोललोय. पण त्या गृहस्थांच्या हातातली फाइल बघून मला पुढे काही बोलता आलं नाही. महापालिकेकडे पैसे नसतात, मग ती मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करायचा हक्क, घ्या म्हणते. तो कागद बिल्डरला विकायचा, आणि त्या दिवशी बाजार काय असेल ते तुमचं नशीब. नकाशावर हिरवा रंग भरताना ब्रशला काही खर्च येत नाही.

आत मला चार मिनिटं मिळाली. मी ट्रेसिंग पसरलं. एका सदस्यांनी फोटोकडे बघून विचारलं, "ही खुर्ची कोणाची?" मी म्हणालो, वॉचमनची. ते हसले. बाहेरून आलेल्या जाणकारांपैकी एक बाई होत्या, त्यांनी मात्र ट्रेसिंग उचलून उजेडाला धरलं, शीटवर ठेवलं आणि वळण जुळल्यावर अध्यक्षांकडे सरकवलं. तेवढ्यात पुढच्याचं नाव पुकारलं गेलं. ते ट्रेसिंग मला परत मिळालं नाही. दुसरं काढलंय.

निकाल काही महिन्यांनी समितीच्या अहवालात आला. आमच्या अनुक्रमांकापुढे लिहिलं होतं: "हरकत अंशतः मान्य. रस्त्याची रुंदी 12 मीटरऐवजी 9 मीटर करण्याची शिफारस." मी दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. ओढा आहे हे मान्य झालं, पण तो तीन मीटरचाच. उरलेला नऊ मीटर रस्ता.

सोसायटीत पेढे वाटायचं चाललं होतं, कारण कुंपण वाचलं. अध्यक्ष मला म्हणाले, "काका, जिंकलात की!" मी काही बोललो नाही. कुंपणासाठी गेलोच नव्हतो.

आता आराखडा मंजुरीसाठी सरकारकडे गेलाय. सरकार काही भाग जसाच्या तसा मंजूर करतं. ज्यात मोठे बदल सुचवायचे असतात तो भाग वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवतं. त्याला कार्यालयात नुसतं "ईपी" म्हणतात. आमचा तुकडा त्यात आला तर अजून एक सुनावणी मिळेल, नाहीतर नऊ मीटर कायम. मी नगररचना संचालनालयाला, पुण्याला, पत्र पाठवलंय. सोबत गाव नकाशा, नवं ट्रेसिंग, आणि या वर्षी जुलैमध्ये पाऊस थांबल्यावर छत्री काखेत धरून टेपने घेतलेली मापं. चिंचेपाशी काठापासून काठापर्यंत चौदा मीटर वीस सेंटिमीटर पाणी.

त्या पत्राची एक प्रत महापालिकेत द्यायला खिडकी तीनवर गेलो. बाईंनी शिक्का मारला, पोच दिली, आणि मापांचा कागद जरा वेळ बघत बसल्या. "काका," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी दोन प्रती आणा. एक त्या गुंडाळीत ठेवून देते."