जुनी इमारत घेताना: आधी इतिहास तपासावा की थेट माती?

सोलापुरात साखर पेठ, अशोक चौक किंवा जुन्या मिलच्या आसपास एखादी जुनी व्यापारी इमारत घ्यायची असेल, तर वकिलाचा सर्च रिपोर्ट, मालमत्ता पत्रक आणि इंजिनिअरची तपासणी हे सगळं तुम्ही करालच. त्याबद्दल इथं लिहीत नाही. मुद्दा त्यापुढचा आहे. त्या जागेत आधी जे धंदे चालले, त्यांनी जमिनीत, बोअरच्या पाण्यात आणि भिंतींवर काय मागं ठेवलंय, ते कसं शोधायचं?

वाटा दोन. पहिली, जाणकार माणसाला घेऊन जागेचा इतिहास काढायचा: जुने कागद, सविस्तर पाहणी, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे विचारपूस. दुसरी, थेट लॅबला बोलावून माती आणि पाण्याचे नमुने द्यायचे. अमेरिकेत या दोन पायऱ्यांना फेज वन आणि फेज टू म्हणतात. तिथं १९८०च्या सुपरफंड कायद्यामुळं जुन्या प्रदूषणाची जबाबदारी नव्या मालकावरही येऊ शकते, म्हणून खरेदीआधीची पहिली पायरी रूढ झाली आहे. आपल्याकडं दूषित स्थळांसाठी केंद्राचे वेगळे नियम २०२५मध्ये आले, पण पेठेतली एखादी दुमजली इमारत घेताना कुणी तुमच्याकडं असा अहवाल मागत नाही. त्यामुळं कोणती वाट धरायची आणि किती खर्च करायचा, हे आपलं आपणच ठरवायचं.

मी एकाच इमारतीसाठी दोन्ही गोष्टी करून घेतल्या. तळमजल्यावर फार पूर्वी सूत रंगवायचं डाईंग होतं, नंतर ट्रेडलवर चालणारा छापखाना आला, शेवटी टॉवेलचं गोडाऊन. मागं छोटं अंगण आणि बोअर. छत सिमेंटच्या पत्र्यांचं.

लॅबची बाजू आधी मांडतो, कारण ती कमजोर नाही. लॅब आकडा देते. विक्रेत्यासमोर बसून ‘मागच्या मातीत काहीतरी असावं’ म्हणणं वेगळं आणि शिक्क्याचा कागद पुढं ठेवणं वेगळं. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची असेल आणि तुम्हाला हवी ती चाचणी तिच्या मान्यतेच्या यादीत असेल, तर त्या कागदाला वजन असतं. यादी मात्र बघून घ्या, मान्यता चाचणीगणिक असते. शिवाय बोअरचं पाणी कामगार पिणार असतील, तर आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे पाणी तपासून घ्यायला इतिहासाची वाट बघायची गरज नाही. ते पहिल्याच दिवशी करा.

माझं मन फिरलं ते मात्र लॅबच्याच एका त्रासामुळं. नमुने घ्यायला आलेल्या मुलानं नम्रपणे विचारलं, “सर, पॅरामीटर कोणते लावू?” म्हणजे कोणकोणते घटक तपासायचे. आणि पाठोपाठ, “माती कुठून घेऊ?” मला वाटलं होतं, हे दोन प्रश्न मी त्याला विचारायचे. त्याचा दोष नाही, लॅबचं काम नमुना तपासायचं. अंगणात जिथं कुदळ सहज लागली तिथून माती घेतली गेली, नेहमीचं पॅकेज लावलं गेलं. अहवाल सुबक आला. पाण्यात जडपणा आणि नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त, मातीत विशेष काही नाही. आणि तळाशी बारीक अक्षरात एक ओळ: निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. अंगणाबद्दल, इमारतीबद्दल त्या कागदाला काहीच म्हणायचं नव्हतं. पैसे मात्र इमारतीबद्दल कळावं म्हणून दिले होते.

आपल्या जमिनीत हा प्रश्न जास्त बोचतो. वर काळी माती, ती उन्हाळ्यात हातभर भेगाळते. खाली मुरूम, त्याखाली कातळ. सांडलेलं पाणी भेगांतून उतरतं आणि कातळाच्या फटींतून वाट फुटेल तसं जातं. सारखं पसरत नाही. म्हणजे चार पावलांवर स्वच्छ माती आणि पाचव्या पावलावर रंगाचा गाळ, असं होऊ शकतं. कुठं खणायचं हे माहीत नसेल तर नमुन्यांची संख्या वाढवून फारसं काही पदरात पडत नाही, बिल तेवढं वाढतं.

इतिहासाच्या वाटेनं आलेले गृहस्थ पर्यावरणाचं काम करणारे. त्यांनी पहिल्या भेटीत एकही बाटली भरली नाही. तळमजल्यावर शहाबादीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा वेगळ्या वेळी बसवलेला त्यांना दिसला. तिथं पूर्वी रंगाचा हौद होता, नंतर बुजवला. त्या चौकोनापासून भिंतीकडं जाणारा फरशीचा उतार त्यांनी पाणी ओतून बघितला. पाणी भिंतीतल्या एका बुजवलेल्या भोकापाशी जाऊन थांबलं. मग शेजारी, डाईंगमध्ये तरुणपणी काम केलेले एक म्हातारे पद्मशाली गृहस्थ होते, त्यांच्याकडं आम्ही गेलो.

“मामा, रंगाचं पाणी कुठं जायचं हो?”

“कुठं जाणार? मागंच की. शोषखड्डा होता तिथं, आता तुळस हाय ती जागा. गटार नंतर आली.”

लॅबच्या मुलानं माती घेतली होती ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाची.

पॅरामीटरचा प्रश्नही इतिहासानंच सोडवला. सल्फर आणि व्हॅट रंग पक्के करायला पूर्वी पोटॅशियम डायक्रोमेट वापरायचे, म्हणून क्रोमियम बघायचं, आणि त्यातही षट्‌संयुजी क्रोमियम वेगळं मागायचं, कारण पाण्याबरोबर उतरतं ते हे. डायरेक्ट रंगांवर मोरचुदाची प्रक्रिया व्हायची, म्हणून तांबं. छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, शिशाच्या मिश्रधातूचे, म्हणून फरशीच्या सांध्यांतल्या धुळीत शिसं. दारं-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट खरवडण्याआधीही शिशाचा विचार करायचा. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखात ९० भाग) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, आणि या रंगाचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. छताचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असणार असं धरून चाला, ते शाबूत असतील तर तसेच राहू द्या, भोकं पाडू नका, फोडू नका. माती-पाण्याच्या पॅकेजमध्ये पत्रा येतच नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला फार मोलाची वाटते. आपल्या काळ्या मातीत क्रोमियम आणि तांबं मुळातच बरंच असतं, ते कातळातून येतं. म्हणून जिथं कधी रंगाचं पाणी गेलं नाही अशा जवळच्या जागेचा एक नमुना सोबत तपासावा, नाहीतर निसर्गाचा आकडा डाईंगच्या नावावर चढतो.

या वाटेच्या उणिवा आहेत, त्याही सांगायला हव्यात. सगळा भार माणसावर असतो. घाईत येऊन फोटो काढून ठरावीक अहवाल पाठवणारेही भेटतात, आणि तसा अहवाल असून नसून सारखा. विचारपूस सुरू झाली की विक्रेता अस्वस्थ होतो, भाव कमी करायचा डाव आहे असं त्याला वाटतं. कागदही दर वेळी हाती लागत नाहीत. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७०चं, त्याआधी बंद पडलेल्या डाईंगचं संमतीपत्र कुठून मिळणार? त्यानंतरच्या धंद्यांसाठी माहिती अधिकारात अर्ज करून बघता येतो, पण वेळ जातो. आणि शेवटी हातात आकडा नसतो, अंदाज असतो.

तरी माझा कौल इतिहासाकडं. तुमची जागा कायम कापड दुकानाचीच होती आणि मागं अंगणही नाही, अशी खात्री असेल तर कदाचित पाणी तपासून थांबलात तरी चालेल. पण डाईंग, छापखाना, गॅरेज, बॅटरीचं दुकान, डिझेलची टाकी यातलं काहीही त्या पत्त्यावर होऊन गेलं असेल, तर लॅबला फोन करण्याआधी जाणकार माणूस न्या. लॅबला जायचंच आहे, फक्त नंतर आणि हातात नकाशा घेऊन.

आम्ही दुसऱ्यांदा नमुने दिले ते तुळशीच्या जागेवरून, वरच्या मातीतून आणि खालच्या मुरमातून, शिवाय तुलनेसाठी एक बाहेरचा. शोषखड्ड्यातलं क्रोमियम बाहेरच्या नमुन्यापेक्षा ठळक जास्त आलं, बोअरच्या पाण्यात सुदैवानं उतरलेलं नव्हतं. अशी माती ट्रॉलीत भरून कुठंही ओतता येत नाही, ती घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पाठवावी लागते आणि त्याला खर्च येतो. तो खर्च कुणी करायचा हे आम्ही इसार देण्याआधी साठेखतात लिहून घेतलं.