लक्षद्वीपच्या कपल पॅकेजमध्ये ८४,८०० रुपये गेले, बुकिंग करणाऱ्यांनी आधी हे वाचा

आधीच सांगून टाकते, मी पतसंस्थेत कॅशियर आहे. रोज काउंटरवर म्हाताऱ्या माणसांना ओरडून सांगते की बाबा ओटीपी कोणाला सांगू नका, पिन कागदावर लिहून ठेवू नका. त्यामुळे "शिकली सवरली बाई, तुला कळलं नाही का" हे मला परत ऐकवू नका, घरात ऐकलं, ऑफिसात ऐकलं, शेवटी पोलीस ठाण्यातही ऐकलं. मी ओटीपी दिला नाही, लिंक उघडली नाही, कुठलं ॲप टाकून घेतलं नाही. पैसे मी स्वतः पिन टाकून पाठवले, आणि आता सगळं तिथंच अडकलंय.

आमचं लग्न मे २०२० मधलं, म्हणजे लॉकडाऊनचं. मोजकी माणसं, तोंडाला मास्क, जेवणाची पंगत पण नाही. फिरायला जायचं तर नावच नको. नंतर सासऱ्यांचं आजारपण, केळीचे पडलेले भाव, एका वर्षी वादळात अख्खा बाग आडवा झाला, असं करत करत "जाऊ पुढच्या वर्षी" चालू राहिलं. दोघंच कुठं गेलो असू तर जळगावला दवाखान्यात. या हिवाळ्यात मात्र हे स्वतःच म्हणाले की आता जाऊच, समुद्र बघू, काही करायचं नाही, नुसतं पडून राहू. लक्षद्वीप माझ्या डोक्यात २०२४ च्या जानेवारीपासून होतं, पंतप्रधानांचे तिथले फोटो आले तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला तेच होतं ना.

तर मोबाईलवर एक रील आली. निळं पाणी, पांढरी वाळू, "कपल स्पेशल, ४ रात्री ५ दिवस, कोचीपासून विमान, राहणं, जेवण, परमिट सगळं धरून दोघांचे ६२,००० फक्त". नंबरवर मेसेज टाकला तर लगेच फोन. मी गाव सांगितलं तसा तो माणूस एकदम अहिराणीत सुरू झाला, "आपलाच मानसे शेतस ना ताई, कसानी चिंता करतस!" म्हणाला मी धुळ्याकडचा, आता पुण्यात ऑफिस आहे. आता मला सांगा, इंग्रजी-हिंदीत "मॅडम मॅडम" करणारा असता तर मी चार प्रश्न जास्त विचारलेच असते. पण आपल्या बोलीत बोलणारा माणूस फसवेल असं कोणाच्या मनात येतं? हे तर त्याला भाऊच म्हणायला लागले, केळीला काय भाव चाललाय यावर त्यांच्या गप्पा.

५,००० बुकिंगला दिले. मग विमानाचे पैसे म्हणून २६,०००. दुसऱ्या दिवशी तिकिटाची पीडीएफ आली आणि मी काही डोळे झाकून बसले नव्हते, विमान कंपनीच्या साईटवर पीएनआर टाकून बघितला, आमची दोघांची नावं बरोबर, कोची ते लक्षद्वीपचं अगत्ती बेट, तारीख बरोबर. मग खात्री पटणार नाही तर काय होणार? नंतर कळलं की तिकीट खरंच काढलेलं होतं, आमचा विश्वास बसला, बाकीचे ३१,००० त्यांना मिळाले आणि मग त्यांनी तिकीट रद्द करून रिफंड पण खिशात घातला. म्हणून पीएनआर एकदा बघून उपयोग नाही, प्रत्येक हप्ता देण्याआधी बघायचा, निघायच्या आदल्या दिवशी बघायचा, आणि बुकिंगमध्ये मोबाईल नंबर आणि ईमेल कोणाचा टाकलाय ते विचारायचं. आमच्या बुकिंगमध्ये त्याचाच होता, त्यामुळे रद्द झाल्याचा मेसेज आम्हाला येणारच नव्हता.

मग परमिट. लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो हे खरंच आहे, १९६७ चे नियम आहेत त्याचे, सरकारी ई-परमिट पोर्टलवर अर्ज करावा लागतो. ही माणसं खोटं असं खऱ्याच्या शेजारी नेऊन ठेवतात, कोणी विचारलं, कोणी शोधलं तर अर्धं खरंच निघतं. परमिट आणि पोलीस क्लिअरन्सचे म्हणून ७,८०० घेतले आणि वर सिंहाची मुद्रा असलेला कागद पाठवला, खाली सही, शिक्का, नंबर. खरं परमिट आम्ही जन्मात पाहिलेलं नाही, मग खोटं कशावरून ओळखणार?

एक गोष्ट मात्र खटकली होती आणि मी ती बोलून दाखवली होती. हॉटेलच्या व्हाउचरवर लिहिलं होतं, "पिकअप : कवरत्ती एअरपोर्ट". तिकीट अगत्तीचं आणि पिकअप कवरत्तीला? मी फोन केला. तर म्हणे ताई, ते सगळं एकच, अगत्तीला उतरायचं आणि बोटीने पंधरा मिनिटात कवरत्ती. मी हो म्हटलं. आपल्याकडे पण चोपड्याला यायचं तर माणूस जळगावला नाहीतर अमळनेरला उतरतोच की, तसंच असेल वाटलं. लक्षद्वीपला विमानतळ एकच, अगत्तीला, कवरत्तीला विमानतळच नाही, आणि ती दोन बेटं काही पंधरा मिनिटांवर नाहीत. नकाशा उघडून बघितला असता तर दोन मिनिटात कळलं असतं. त्याच व्हाउचरवर कवरत्तीच्या बीचवर "वाईनसह कँडल लाईट डिनर" पण होतं. लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, फक्त बंगारम बेटावरच्या रिसॉर्टला मिळते. आम्ही दोघंही पीत नाही, त्यामुळे ती ओळ नीट वाचलीच नाही. तुम्ही पीत नसाल तरी वाचा.

आता जे आठवलं की अजून रात्री झोप लागत नाही ते लिहिते.

कोचीपर्यंत आम्ही ट्रेनने निघालो, भुसावळहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. लहानपणापासून स्टेशनवर ही घोषणा ऐकतेय, मी ह्यांना म्हटलं बघा, गाडी पण लक्षद्वीपचीच मिळाली. घरून कळण्याच्या पुऱ्या, भरीत, शेंगदाण्याची चटणी, सगळं बांधून घेतलेलं. कोकण रेल्वेला लागलो की बोगदे सुरू होतात, नेटवर्क येतं जातं, आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन. ताई, परमिट होल्डला गेलंय, पर्यावरण डिपॉझिट भरायचं राहिलं, १५,०००, परत येताना पूर्ण रिफंड, पण आज पाच वाजेच्या आत भरलं नाही तर परमिट रद्द आणि मग विमानात चढूच देणार नाहीत. पुढे बोगदा, फोन कट. परत लागला, परत तेच, आवाज घाईचा. मी म्हटलं आधी का नाही सांगितलं? तर म्हणे नियम आजच बदलला. ह्यांचं एकच, भरून टाक, आता काय मागे फिरायचं का.

रत्नागिरीला गाडी थांबली, नेटवर्क आलं, मी त्याने पाठवलेला क्यूआर स्कॅन केला. स्क्रीनवर नाव आलं, कुठल्यातरी मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. लक्षद्वीपचं सरकारी डिपॉझिट आणि मोबाईलच्या कव्हर विकणाऱ्याचं दुकान! मी ते नाव वाचलं. बघितलंच नाही असं नाही, पूर्ण वाचलं, ह्यांना वाचून पण दाखवलं. दिवसभर काउंटरवर बसून मी हेच करते, स्लिपवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळत नसेल तर सख्ख्या भावाला पैसे देत नाही. आणि तिथे मी पिन टाकला. त्याला फोन करून विचारलं होतं, तो म्हणाला आमचं चालू खातं लिमिटला गेलंय, हे पार्टनरचं आहे. आणि खरं सांगा, आपल्याकडे हे नवीन आहे का? कापसाचा व्यापारी स्वतःच्या खात्यातून पैसे टाकतो का कधी? केळीच्या गाडीचे पैसे मेव्हण्याच्या खात्यातून येतात, ड्रायव्हरच्या येतात, हिशोब बरोबर आला म्हणजे झालं. अशा व्यवहारात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्याचं नाव बघून शंका येत नाही, सवय झालेली असते. पण यूपीआयवर पैसे जायच्या आधी जे नाव येतं ते बँकेत नोंदलेलं नाव असतं, तेवढी एकच खरी गोष्ट त्या माणसाने आम्हाला न कळत दाखवली, बाकी सगळं त्याने तयार केलेलं. त्या नावाशी कंपनीचं नाव जुळलं नाही तर ट्रेन सुटू दे, परमिट जाऊ दे, पिन टाकू नका.

पुढचं सगळं तुम्हाला माहीतच असेल. एर्नाकुलमला लॉजवर रात्र, सकाळी नेडुंबासेरीला कोचीच्या विमानतळावर, आणि कोणी सांगतंय की हे बुकिंग केव्हाच रद्द झालंय. भाऊचा फोन बंद. व्हॉट्सॲपवरचा फोटो गायब. मी नवीन घेतलेली टोपी घालून तिथे उभी, मागे रांगेत सगळी जोडपी. लक्षद्वीप प्रशासनाचं कोचीतलं ऑफिस विलिंग्डन आयलंडवर आहे, तिथे रिक्षाने गेलो. तिथला माणूस मात्र भला निघाला, आमचा कागद बघितल्याबरोबर म्हणाला हा नंबर आमचा नाहीच. विलिंग्डन हे पण बेटच आहे म्हणे, बंदराचा गाळ काढून त्याची भर घालून केलेलं. झालं, बेट बघून झालं आमचं. ट्रेन आणि लॉजचे ९,३४० वेगळेच गेले.

विमानतळावर मी आधी बँकेला फोन लावत बसले, ते संगीत वाजवत बसले. तुम्ही तसं करू नका. सगळ्यात आधी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन, मग बँक. आमच्या भाच्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी १९३० ला लावलं, व्यवहार क्रमांक दिले, तक्रार क्रमांक मिळाला, आणि त्यामुळेच शेवटच्या १५,००० पैकी ११,२०० कुठल्यातरी खात्यात गोठले. आधीचे सगळे पैसे केव्हाच पुढे पुढे फिरवून काढून घेतलेले.

गावी आलो आणि खरा छळ तिथून सुरू झाला. बँकेत साहेब म्हणतात, मॅडम तुम्ही स्वतः पिन टाकला, हा अनधिकृत व्यवहार नाही, रिझर्व्ह बँकेचा तीन दिवसांत कळवायचा नियम तुम्हाला लागू नाही. बरं, नाही तर नाही, निदान स्टेटमेंटवर शिक्का मारून द्या. तर पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे गेलो तर म्हणतात बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा, मग पत्र. मी स्वतः वित्तीय संस्थेत नोकरी करते, मला माहीत आहे शिक्का मारायला किती वेळ लागतो, शाईचा पॅड कोरडा असेल तरी दोन मिनिटं.

ठाण्यात तर काय बोलावं. घटना कोचीला घडली, तिकडे द्या तक्रार. पैसे पुण्याला गेले, तिकडे द्या. साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. उद्या गेलो तर व्हॉट्सॲपचं सगळं चॅट रंगीत प्रिंट काढून आणा, तीन प्रती. चॅटमध्ये मी विचारलेलं होतं की रूम समुद्राकडे तोंड असलेली आहे ना, ते एकाने मोठ्याने वाचलं आणि बाकीचे हसले. ह्यांना विचारतात, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आता कसलं हनिमून? हे त्या दिवसापासून ठाण्यात पाऊल टाकायला तयार नाहीत, मी एकटी जाते. आणि शेवटी घेतलं काय, तर साधा अर्ज, एफआयआर नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. हे मी बोलले तर म्हणाले, मॅडम तुम्हाला एवढा कायदा माहीत आहे तर फसलात कशा? ह्याला उत्तर काय देणार? कायदा मी फसल्यावर वाचला, आधी वाचायला मला काय कोर्टात उभं राहायचं होतं? तुम्ही गेलात तर अर्ज दोन प्रतीत लिहा आणि एकीवर पोच सही-तारखेसह घ्या, ती नाही घेतली तर तुम्ही तिथे आलाच नव्हता असं म्हणायला कमी करत नाहीत. जिल्ह्याला गेलो, तिथे म्हणतात तालुक्यातून कागद येऊ द्या. तालुका म्हणतो पाठवला. मधे रस्त्यात कुठे गेला कोण जाणे.

घरी सासूबाईंचा पहिला प्रश्न, "कितला गयात?" मी आकडा सांगितला. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "तितलामा म्हैस येती." त्यानंतर त्या ह्या विषयावर कधीच बोलल्या नाहीत, पण गोठ्याकडे बघितलं की मला तेच ऐकू येतं.

आणि हो, लक्षद्वीपला जायचंच असेल तर पावसाळा सोडून जा, परमिट स्वतः पोर्टलवर बघा, एजंट असेल तर त्याच्या नावाने आधी गेलेल्या माणसाशी बोला, आणि हॉटेलला थेट फोन करून आपलं नाव विचारा. तिथली सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, राहायच्या जागा मोजक्या, सगळ्यांना फोन लावायचे म्हटले तरी जमेल. ती रील अजून फिरते, नाव बदललंय, भाव आता ५९,९९९, पाणी तेवढंच निळं.

गोठलेले ११,२०० परत मिळायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं, म्हणून वकिलाकडे गेले. फी ३,०००, आगाऊ. म्हणाले आत्ताच टाका यूपीआयवर, माझं खातं जरा बंद आहे, हा भाच्याचा नंबर घ्या. मी नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी रोख घेऊन गेले, पावती मागितली. पावतीपुस्तक संपलंय म्हणाले.