संलग्न कॉलेज की स्वायत्त? शिकवणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर
मी कोल्हापुरात दोन्हीकडं इकॉनॉमिक्स शिकवलंय म्हणून सांगतो. संलग्न कॉलेजात सिलॅबस शिवाजी विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवणार, पेपरही तिकडनंच, आपण पोर्शन संपवायचा. एकदा पोरांना शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे दाखवायला नेलं तर ढेपेवर हात ठेवूनच एकजण विचारतोय, सर हे परीक्षेला येणार काय? लई वाईट वाटलं.

स्वायत्त कॉलेजात अभ्यास मंडळ कॉलेजचंच, मग तेच सौदे मी मंडळात मांडून सिलॅबसमध्ये घातले, प्रश्नही मीच काढला आणि पोरांनी अडत म्हणजे अडत्याचं कमिशन आणि तोलाई म्हणजे वजन करायची मजुरी, यांचा हिशोब असा मांडला की बघतच राहिलो. डिग्री मात्र विद्यापीठाचीच मिळते, ती काळजी नको. परीक्षेचं सगळं काम अंगावर येतं, रात्री जागाव्या लागतात, तरी मी स्वायत्तच निवडेन.