खड्डा कंपनीचा की विद्यापीठाचा?

भूपुरातत्त्वात, म्हणजे मातीचे थर वाचून जुन्या वस्तीचा माग काढण्याच्या कामात, पडायचं ठरवलं आहे, पण नोकरी धरू की पीएच.डी.ला बसू, असं विचारणारे दरवर्षी दोन-तीन जण तरी भेटतात. मी दोन्हीकडचा चिखल तुडवला आहे. आधी सहा वर्षं विद्यापीठाच्या प्रकल्पांवर होतो, नंतर बांधकामाआधी माती-खडक तपासणाऱ्या एका जिओटेक्निकल कंपनीत आलो.

आधी एक गैरसमज दूर करतो. यूट्यूबवर इंग्लंडमधलं कमर्शियल पुरातत्त्व पाहून हुरळू नका. तिकडे 1990 च्या सुमारास धोरण बदललं, बांधकाम करणाऱ्याच्या पैशातून उत्खननं व्हायला लागली आणि त्यावर कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली उत्खननाला परवाना लागतो, आणि तो घेऊन खोदतात ते विद्यापीठं नि संशोधन संस्था. नागपुरात 'कमर्शियल' म्हणजे पुलाच्या पायाची माती तपासायची, उमरेडकडे कोळशासाठी घेतलेल्या बोअरमधून निघालेले खडकाचे दंडगोल तुकडे, म्हणजे कोअर, वाचायचे आणि पर्यावरण अहवालातलं वारसास्थळांचं प्रकरण लिहायचं.

पगाराचं फार बोलत नाही. पीएच.डी.वाल्यांची जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, पण ती वेळेवर येईल या भरवशावर घरभाडं ठरवू नका.

विद्यापीठातून माझं मन उडालं ते 31 मार्चमुळे. आपली काळी माती नोव्हेंबरपर्यंत खुरप्याला चिकटते. डिसेंबर-जानेवारीत ओल अशी मापात असते की छेद, म्हणजे खड्ड्याची उभी भिंत, तासला की थराथराचा रंग वेगळा दिसतो. मार्चमध्ये कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचं खाली घसरतं आणि पावसात माती फुगून त्याच्यावर मिटते. एकदा मीटरभर खाली, महापाषाणीय (मोठ्या शिळा रचून दफनं करणाऱ्या लोकांचा, लोहयुगातला) म्हणून नोंदवायच्या बेतात असलेल्या थरातून खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटायची, प्लास्टिकची पन्नी निघाली. बरं झालं पन्नी निघाली. खापर निघालं असतं तर मी खुशाल लिहून मोकळा झालो असतो. आता गंमत बघा: प्रकल्पाचा हप्ता यायचा फेब्रुवारीत आणि आर्थिक वर्ष संपतं म्हणून युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे खर्च झाल्याचा दाखला, द्यायचं 31 मार्चला. म्हणजे खोदायचं नेमकं भेगांच्या दिवसांत. तीन हंगामांत दोनदा हेच झालं. तिसऱ्यांदा मी राजीनामा दिला.

कंपनीत खड्डा आपला नसतो, हे खरं. रिपोर्ट क्लायंटच्या कपाटात जातो, त्यावर तुमचं नाव नसतं. हिंगण्याकडच्या एका साइटवर दोन मीटर काळ्या मातीखाली राखेचा बोटभर थर आणि जळकी माती दिसली होती. फॉर्ममध्ये रकाना होता 'मातीचा प्रकार'. शेऱ्यात राख लिहिली, अधिकाऱ्यांना कळवा असं क्लायंटला सांगितलं. पुढे काय झालं ते मला कोणी कळवलं नाही. हे ज्याला सहन होणार नाही त्याने इकडे येऊ नये. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडची महापाषाणीय काळातली लोखंड गाळायची भट्टी कळली ती बसून, ब्रशने खोदणारे लोक होते म्हणून. आमच्या जेसीबीच्या अर्ध्या तासाच्या खड्ड्यात ती लाल मातीचा ढेकूळ ठरली असती.

पण छेद वाचायला शिकायचं असेल तर? विद्यापीठात वर्षाला दोन-तीन खंदक पाहिले. इथे आठवड्याला तेवढे खड्डे होतात, तेही पश्चिमेला बेसॉल्टवर, पूर्वेला नाइस (gneiss) या पट्टेदार खडकावर, कधी कन्हानच्या गाळात. डोळा बसतो तो यातूनच, निदान माझा तरी बसला. एकच प्रश्न दहा वर्षं उराशी धरायची तयारी असेल आणि गाईड बरा असेल, तर पीएच.डी. जरूर करा. नसेल तर आधी दोन वर्षं इकडे काढा. परतीची वाट बंद होत नाही.

सुरुवातीला जेसीबीवाला बादली वर धरून ओरडायचा, "सर, झालं काय? बुजवून टाकू?" आता खड्डा झाला की तो आपणहून इंजिन बंद करतो आणि सावलीत खर्रा घोटत बसतो. पन्नी मात्र मी त्याच्याकडून मागून घेतो.