बॅकलिंक इंडेक्स करून देणारी सेवा: आठ महिने वापरल्यानंतर

जुळे सोलापुरात आमचं शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं घरगुती काम आहे. मी, माझ्या जाऊबाई आणि भाकरी थापायला येणाऱ्या पाच बायका. ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी, चटणी उखळात कुटलेली. दुकानांना आणि केटररना माल देतो. भाच्याने वेबसाइट करून दिली, आणि तेव्हापासून ‘बॅकलिंक नसतील तर गूगलवर वर येणार नाही’ हे जो तो सांगायला लागला. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक. म्हणून दिवाळीच्या ऑर्डरी उरकल्यावर, नोव्हेंबरात, मी बॅकलिंक इंडेक्स करून देणाऱ्या, म्हणजे अशा लिंकांची पानं गूगलच्या साठ्यात घालून देतो म्हणणाऱ्या, एका ऑनलाइन सेवेचं पॅकेज घेतलं. आता जुलै आहे. असली पॅकेजं विकणाऱ्यांचे फोन आमच्या ओळखीच्या टॉवेलवाल्यांना, युनिफॉर्म शिवणाऱ्यांनाही येतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सेवा वापरायला सोपी आहे. आपल्या साइटची लिंक ज्या पानांवर आहे त्यांचे पत्ते डॅशबोर्डवर टाकायचे, एका पत्त्याला एक क्रेडिट. दोन-तीन दिवसांत समोर हिरवी खूण उमटते. माझ्याकडे असे बेचाळीस पत्ते होते. त्यातले बहुतेक फुकट नाव नोंदवून घेणाऱ्या डिरेक्टरींचे. पहिल्या आठवड्यातच अडतीस खुणा हिरव्या झाल्या आणि मी मोबाइल घेऊन थेट जाऊबाईंकडे गेले.

मग भाच्याने पडताळून बघायची रीत शिकवली. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि मध्ये जागा न सोडता त्या पानाचा पूर्ण पत्ता. पान गूगलच्या साठ्यात असेल तर खाली दिसतं. ही तपासणीही शंभर टक्के पक्की नसते, म्हणून त्या पानावरचं एखादं वाक्य अवतरणचिन्हांत टाकूनही शोधायचं. दोन्ही करून बघितलं. अडतीसपैकी अकरा पानं सापडली.

सेवेच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, तर उत्तर आलं, “मॅडम, क्रॉल झालंय. इंडेक्स करायचं की नाही ते गूगलच्या हातात.” हे वाक्य पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. क्रॉल म्हणजे गूगलचा बॉट, आपोआप पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, त्या पानावर येऊन गेला. इंडेक्स म्हणजे त्याने ते पान साठ्यात ठेवलं. आणि त्यावरच्या लिंकला वजन द्यायचं की नाही, हा त्याच्याही पुढचा निर्णय. माझी हिरवी खूण फक्त पहिल्या पायरीची होती. अकरातलीही पाच पानं जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत शोधातून गळून गेली.

एका संध्याकाळी, भाकऱ्या डब्यात भरून झाल्यावर, भाच्याने संगणकावर त्यातलं एक डिरेक्टरीचं पान उघडलं आणि कंट्रोल आणि यू दाबलं. पानामागचा कोड समोर आला. त्यात शोधल्यावर वरच्या भागातच एक शब्द मिळाला, नोइंडेक्स. म्हणजे ती साइटच गूगलला सांगत होती की हे पान ठेवू नकोस. त्या पानासाठी मी तीनदा क्रेडिट खर्च केलं होतं! त्या रात्री बेचाळीसच्या बेचाळीस पानं तपासली. नऊ पानांवर नोइंडेक्स. सहा ठिकाणी आमच्या साइटचा पत्ताच चुकीचा, एकात तर ‘चटणी’च्या स्पेलिंगमधलं एक अक्षर गायब. बऱ्याच लिंकांना नोफॉलो लावलेलं, म्हणजे ‘या लिंकला वजन देऊ नकोस’ असं गूगलला सांगणारी खूण. नोफॉलो 2005 पासून आहे, आणि आता गूगल त्याला हुकूम न मानता सूचना म्हणून घेतं, त्यामुळे अशी लिंक अगदीच वाया जाते असं नाही. पण चुकीच्या पत्त्याच्या लिंकने आपल्या दारापर्यंत कुणीच पोचत नाही, बॉटही नाही आणि गिऱ्हाईकही नाही. ही तपासणी फुकट आहे. पॅकेज घ्यायच्या आधी ती करायला हवी होती याची मला अजून रुखरुख आहे.

दुसऱ्याच्या पानासाठी आपण गूगलकडे थेट अर्ज करू शकत नाही, हे नीट समजून घ्या. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या फुकट साधनात इंडेक्सची विनंती करायची सोय आहे, पण ती फक्त मालकी सिद्ध केलेल्या आपल्याच साइटसाठी. कुणीही कुठलाही पत्ता टाकावा अशी उघडी सोय होती, ती गूगलने 2018 मध्ये बंद केली. इंडेक्सिंग एपीआय नावाची आणखी एक वाट आहे, पण गूगलच्या नियमाप्रमाणे ती नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांपुरती आहे. चटणीच्या डिरेक्टरीचं पान त्यात बसत नाही. मायक्रोसॉफ्टचं बिंग आणि रशियातलं यांडेक्स या गूगलसारख्याच शोधसेवांनी 2021 मध्ये इंडेक्सनाऊ सुरू केलं, म्हणजे नवीन पानाची खबर त्यांना लगेच द्यायची सोय. ते चांगलं आहे, आमच्या साइटवर नवीन पान टाकलं की आम्ही वापरतो. पण त्यासाठीही किल्लीची फाइल त्याच साइटवर ठेवावी लागते, आणि गूगल त्यात सामील नाही. मग दुसऱ्याचं पान ‘हमखास इंडेक्स’ करून देतो म्हणणारा कशाच्या जोरावर म्हणतो, हे त्याला जरूर विचारा.

आता कामाला आलं ते सांगते.

एक प्रवासलेखक अक्कलकोट, नळदुर्ग करून आमच्याकडे आला होता. तासभर उखळापाशी बसला. दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ कुटता कुटता चटणीला तेल कसं सुटतं, गोळा कसा होतो, हे त्याने फोटोंसकट लिहिलं आणि आमची लिंक दिली. इतकं मनापासून लिहिलेलं पान, पण दोन महिने गूगलवर कुठेच नाही. सेवेतून पाठवून बघितलं. हिरवी खूण आली, पान आलं नाही. भाच्याने त्याची साइट चाळली तेव्हा कळलं की त्या लेखाकडे साइटवरच्या दुसऱ्या कुठल्याच पानावरून वाट नव्हती. मुखपृष्ठावर नाही, यादीत नाही. मी त्याला फोन करून विनंती केली. त्याने ‘सोलापुरात काय खावं’ या आपल्या जुन्या, भरपूर वाचल्या जाणाऱ्या पानावर त्याचा दुवा टाकला. नवव्या दिवशी लेख शोधात आला आणि अजून टिकून आहे.

पुण्याच्या एका किराणा दुकानानेही ‘आमचा माल कुठून येतो’ या पानावर आमचं नाव घातलं. ते पान तर आठवड्याच्या आत दिसलं, कारण बॉटची त्या साइटवर रोजची ये-जा आहे. या दोन लिंकांनंतर ‘सोलापुरी शेंगा चटणी होलसेल’ शोधून आलेले फोन वाढले. सगळं श्रेय लिंकांचं आहे असं मी म्हणणार नाही, त्याच काळात आम्ही गूगल बिझनेस प्रोफाइलवर फोटो आणि वेळाही नीट भरल्या होत्या. पण फोन करणाऱ्या तिघांनी उखळाचा लेख वाचल्याचं स्वतःहून सांगितलं.

सर्च कन्सोलच्या लिंक विभागात हे सगळं बघता येतं. तिथली यादी नमुन्यादाखल असते, पूर्ण नसते आणि उशिरा भरते. आमच्या पुण्याच्या दुकानाचं नाव तिथे यायला महिन्याहून जास्त लागला. म्हणून रोज उघडून जीव खालीवर करू नका. बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्येही बॅकलिंकची यादी फुकट मिळते.

त्याच सेवेवाल्यांनी मार्चमध्ये पाचशे लिंकांचं पॅकेज देऊ केलं. मी नाही म्हटलं, आणि तुम्हीही नाही म्हणा. शोधात वर येण्यासाठी विकत घेतलेल्या लिंका गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत. गूगलने शोधाच्या रीतीत केलेल्या 2012 च्या पेंग्विन नावाच्या बदलापासून त्यांच्यावर कारवाई होतेय, आणि डिसेंबर 2022 पासून स्पॅमब्रेन ही गूगलची स्पॅम पकडणारी यंत्रणा अशा लिंका ओळखून त्यांचं वजनच काढून टाकतं. म्हणजे पैसे गेले आणि हाती काही नाही.

ही सेवा मी पुन्हा घेणार नाही. ज्याच्याकडे चांगल्या पानांवरच्या लिंका आहेत त्याला तिची फारशी गरज पडत नाही, आणि माझ्यासारख्या डिरेक्टरीवाल्यांना तिचा उपयोग होत नाही. क्रेडिट अजून सतरा उरलेत, ते तसेच राहतील. चुकीच्या पत्त्याच्या सहा लिंकांपैकी चार जणांनी ईमेल केल्यावर दुरुस्त्या केल्या. पाचवी बार्शीच्या एका दुकानाची आहे. त्यांच्याकडे शनिवारी माल पोचवायचाय, तेव्हा बरोबर पत्ता चिठ्ठीवर लिहून डब्याबरोबरच देणार आहे.