३% हायड्रोजन पेरॉक्साइड: झाडं लावलेल्या कोळंबीच्या टाकीत शेवाळावर कितपत चालतं?

शेवाळ घालवायला म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांपैकी बऱ्याच कोळंबीच्या टाकीसाठी (म्हणजे शोभेच्या छोट्या कोळंब्या पाळलेल्या घरगुती मत्स्यालयासाठी) पहिल्याच फेरीत बाद होतात. कित्येकींत कॉपर सल्फेट असतं आणि एवढं तांबं कोळंबीला सोसत नाही. म्हणून जखम धुवायचं साधं ३% हायड्रोजन पेरॉक्साइड या कामाला घ्यायची पद्धत पडली. ब्लॅक ब्रश (काळपट झुपक्यांचं शेवाळ) आणि धाग्यांच्या केसाळ शेवाळावर ते फार चांगलं काम करतं. काचेवरच्या कडक हिरव्या ठिपक्यांवर जवळपास काहीच करत नाही. आणि मोजताना चूक झाली, तर शेवाळाआधी कोळंब्या जातात. मोजमापाचा भाग म्हणूनच इथे सगळ्यात सविस्तर आहे.

आधी बाटली. तीव्रता लेबलवर टक्क्यांत किंवा ‘व्हॉल्यूम’मध्ये लिहिलेली असते: ३% म्हणजे १० व्हॉल्यूम, २० व्हॉल्यूम म्हणजे ६%. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच, त्यामुळे लेबल न वाचता घेतली तर मात्रा सरळ दुप्पट होते. केस रंगवण्यासाठीचं क्रीमसारखं पेरॉक्साइड टाकीत अजिबात नको. त्यात सुगंधी द्रव्यं आणि मऊपणा आणणारे पदार्थ असतात. उजेडात आणि उष्णतेत पेरॉक्साइडचं हळूहळू पाणी होतं, बाटली गडद रंगाची असते ती त्यासाठीच. जुन्या बाटलीत काही जोर उरलाय का हे बघायला कच्च्या बटाट्याच्या ताज्या कापावर दोन थेंब टाकावेत. लगेच पांढरा दाट फेस आला तर ते जिवंत आहे. पण किती टक्के उरलंय हे बटाटा सांगत नाही, म्हणून टाकीसाठी बाटली ताजीच वापरावी. नाहीतर मरगळलेल्या बाटलीचा गुण येत नाही म्हणून मात्रा वाढवत नेली जाते, मग नवी बाटली येते आणि त्याच वाढीव मात्रेत टाकी मरते. ही चूक फार सहज होते.

आता हिशेब. ४५ × ३० × ३० सेंटीमीटरची टाकी कागदावर ४०.५ लिटरची. पाणी २७ सेंटीमीटरपर्यंत भरलं तर ते ३६ लिटरच्या आसपास, आणि माती, दगड, लाकूड वजा केलं की खरं पाणी साधारण ३० लिटर उरतं. मात्रा या ३० वर काढायची. कोळंब्या असलेल्या टाकीत एका दिवसाची कमाल मर्यादा ४ लिटरला १ मिली, म्हणजे इथे ७ मिली धरावी. पहिल्या दिवशी तेवढंही नको. १० लिटरला १ मिली, म्हणजे ३ मिलीनेच सुरुवात करावी. बाटली ६% ची असेल तर सगळे आकडे निम्मे. केवळ माशांच्या टाकीसाठी याहून मोठे आकडे सांगितले जातात, ते इथे उचलू नयेत.

टाकायची पद्धत अशी. हातमोजे घालावेत. फिल्टर आणि पंप बंद करून पाणी पूर्ण थांबू द्यावं. बिनसुईच्या सिरिंजला पुढे कडक बारीक नळी लावून तिचं टोक शेवाळापासून अर्ध्या सेंटीमीटरवर धरावं आणि दट्ट्या अगदी सावकाश दाबावा, १ मिलीला निदान १५ ते २० सेकंद. पेरॉक्साइड पाण्यापेक्षा थोडं जड असल्यामुळे वरून खाली सोडलं तर शेवाळावर बसतं. जोरात पिचकारी मारली तर टाकीभर पसरतं आणि काम होत नाही. काही क्षणांतच शेवाळाच्या केसांवर बारीक बुडबुड्यांची झालर चढते. तसंच १० मिनिटं ठेवून फिल्टर सुरू करावा. अर्ध्या तासाहून जास्त बंद ठेवला तर स्पंजातल्या उपयोगी जिवाणूंना प्राणवायू कमी पडू लागतो, मग एक दुखणं घालवताना दुसरं मागे लागतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ब्लॅक ब्रशचा काळपट करडा झुपका विटकरी, मग गुलाबी दिसू लागतो. हे लाल शेवाळाच्या कुळातलं आहे. हरितद्रव्य मोडलं की आतलं लाल रंगद्रव्य उघडं पडतं. गुलाबी रंग दिसला की ते मेलं असं समजावं. पुढे ते पांढुरकं आणि मऊ पडतं, आणि एरवी त्याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या कोळंब्या त्यावर बसून इवल्या चिमट्यांनी एकेक केस उपटून खाऊ लागतात. तेवढी साफसफाई त्यांच्यावर सोडायला हरकत नाही. दुसरी फेरी दोन-तीन दिवसांच्या अंतराने, दुसऱ्या जागेवर.

अनुबियास या पाणवनस्पतीची पानं किंवा सुटं लाकूड असेल तर टाकीत काही सोडायचीच गरज नाही. झाड बाहेर काढावं, शेवाळ असलेल्या पानांवर ब्रशने ३% लावावं, दोन-तीन मिनिटं थांबून साध्या पाण्यात नीट खंगाळावं आणि परत ठेवावं. कोळंबीच्या दृष्टीने ही सगळ्यात सुरक्षित रीत. लाकूड उचलताना मात्र त्याच्या भेगा नीट बघाव्यात. पिल्लं तिथेच चिकटून बसलेली असतात.

पेरॉक्साइडचा खरा तोटा मॉस (बारीक पानांची नाजूक, गालिच्यासारखी वाढणारी वनस्पती) असलेल्या टाकीत दिसतो. जावा मॉस, फिसिडेन्स, रिक्सिया यांना थेट स्पर्श झाला की त्या जागा पांढऱ्या पडतात, आणि कोळंबीच्या टाकीत मॉस नसतंच असं क्वचित. त्यातच पिल्लंही लपलेली असतात. मॉसमध्ये गुंतलेलं केसाळ शेवाळ जुन्या टूथब्रशभोवती गुंडाळून हातानेच काढावं. अंडी धरलेल्या माद्या आणि नुकतीच कात टाकलेल्या, मऊ पाठीच्या कोळंब्या जिथे बसल्या असतील तो कोपरा त्या दिवशी सोडून द्यावा.

औषध टाकल्यावर निदान तासभर टाकीवर नजर हवी, म्हणून हे रात्री करू नये. कोळंब्या वेड्यासारख्या काचेवरून वरखाली पळू लागल्या किंवा आडव्या पडू लागल्या तर लगेच फिल्टर चालू करून ३० ते ५०% पाणी बदलावं. नवं पाणी क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं आणि टीडीएसला (पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणाला) जुळणारं हवं. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकला तर तो उरलेलं पेरॉक्साइड मोडून टाकतो. सगळं ठीक असेल तर मोठा पाणीबदल नकोच; त्याने अवेळी कात टाकली जाते. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि प्राणवायूच होतं, मागे काही राहत नाही. मेलेलं शेवाळ मात्र राहतं आणि कुजलं की अमोनिया वाढतो, म्हणून मोठे झुपके आधी हाताने काढून मगच औषध लावावं.

शेवाळावर वापरलं जाणारं दुसरं द्रव लिक्विड कार्बन नावाने मिळतं, त्यात बहुधा ग्लुटाराल्डिहाइड किंवा त्याच्या जवळचं संयुग असतं. ब्लॅक ब्रशवर तेही चालतं, पण वॅलिसनेरिया ही पाणवनस्पती त्याने वितळते, मॉसला तेही बाधतं, आणि टाकीभर रोज घालायच्या पद्धतीमुळे कोळंबीला त्यापासून सुटका नसते. एका जागेपुरतं लावून मोकळं व्हायला पेरॉक्साइड सरस. दोन्ही एकाच दिवशी वापरू नयेत.

हिरवे ठिपके घासूनच निघतात, पाण्यात फॉस्फेट कमी असलं की ते वाढतात. पाणीच हिरवं झालं असेल तर यूव्ही दिवा लावावा. नव्या टाकीतला तपकिरी थर काही आठवड्यांत आपोआप जातो, तिथे बाटली उघडूच नये. निळ्या-हिरव्या, वास येणाऱ्या चादरीसारख्या थरावर पेरॉक्साइड लागू पडतं, पण तो आधी सायफनने ओढून घ्यावा आणि त्या कोपऱ्यात पाण्याचा प्रवाह पोचेल असं बघावं, नाहीतर तो तिथेच परत येतो.

ब्लॅक ब्रशचंही तसंच. झाडांसाठी बाहेरून सोडलेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) कधी जास्त कधी कमी होत असेल, फिल्टरचा स्पंज गाळाने भरलेला असेल, दिवा दहा-दहा तास जळत असेल, तर गुलाबी झालेल्या झुपक्याशेजारी नवा काळा ठिपका येणारच. दिवा सहा तासांवर आणावा आणि कोळंब्यांना टाकलेलं खाणं दोन तासांनी उरलं तर काढून घ्यावं.

एकूण पेरॉक्साइडला पाचपैकी चार गुण, मॉस भरपूर असलेल्या टाकीसाठी दोन. एकाच जागी तीन फेऱ्या करूनही झुपका काळाच राहिला तर मात्रा वाढवू नये. ते लाकूड किंवा दगड बाहेर काढून घासावा, आणि पान असेल तर देठापासून कापून टाकावं.